गाडीतून काढलेला टेप घरात वाजवायचा असेल तर आधी सप्लायचं बघा

आमच्याकडं आता जो तो गाडीत मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतोय आणि जुना टेप मग खोक्यात नाहीतर माळवदावर धूळ खात पडतो. कुणी त्याला टेप म्हणतं, कुणी डेक, ॲक्सेसरीजच्या दुकानात हेड युनिट म्हणतात. वस्तू मात्र खरंच चांगली असते, आत चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा अँप्लिफायर, एफएम, यूएसबी, बऱ्याच टेपमध्ये ब्लूटूथ, बेस-ट्रेबलची नीट सेटिंग, आणि एवढं सगळं हातभर पण नसलेल्या डब्यात. भंगारात देण्यापेक्षा घरात, दुकानात, आखाड्यावरच्या खोलीत लावला तर वर्षानुवर्षं वाजतो. अडचण एकच, त्याला घरातली २३० व्होल्टची लाईट चालत नाही, त्याला गाडीची बॅटरी पाहिजे असते. ती बॅटरी घरात कशी उभी करायची ते इथं सांगतो, ज्यानं आयुष्यात कधी वायर सोललेली नाही त्याला पण जमावं अशा बेतानं.

परवा सेलूहून मामाचा फोन आला. टेप जोडला होता, लाईट लागली, डिस्प्लेवर नाव आलं, गाणं पण सुरू झालं, पण आवाज १५ च्या वर नेला की टेप बंद पडून परत चालू व्हायचा. "अरे बाबा, अडाप्टरवर बारा व्होल्ट लिहिलंय, टेपवर बी बारा व्होल्टच लिहिलंय, मग हे बंद कामून पडायलंय?" मी विचारलं मामा अडाप्टर कशाचा घेतला, तर म्हणले सेट टॉप बॉक्सचा. त्यावर अँपिअर किती लिहिलेत बघा म्हणलं, तर १.५. मग सगळा उलगडा झाला.

दहातले आठ जण इथंच अडकतात म्हणून हे नीट समजून घ्या. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते, आणि अँपिअर म्हणजे नळीतून पाणी किती यायलंय ते. टाकी भरपूर उंचावर आहे पण खाली ठिबकची बारकी नळी लावली तर पाट भरणार नाही. ढोलकीचा ठेका पडला की टेप एकदम जास्त अँपिअर ओढतो, छोटा अडाप्टर तेवढे देऊ शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि टेपला वाटतं गाडी बंद झाली. म्हणून व्होल्ट जुळले म्हणून खूश होऊ नका, अँपिअर बघा.

मग किती अँपिअर लागतात? टेप उलटा करून पाठीमागं बघा, छोटा रंगीत फ्यूज खोचलेला असतो, त्यावर १० नाहीतर १५ लिहिलेलं असतं. तो फ्यूज तुमचा खरा हिशोब सांगतो, खोक्यावरचे आकडे सांगत नाहीत. खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं, म्हणजे २०० वॉट. पण १० अँपिअरचा फ्यूज आणि गाडी चालू असतानाचे १४.४ व्होल्ट यांचा गुणाकार १४४ होतो, मग २०० वॉटचा आवाज येणार कुठून? ते ५० वॉट क्षणभराचे, दाखवायचे असतात. सलग मिळणारे, ज्याला आरएमएस म्हणतात, ते एका चॅनलला साधारण १७ ते २० वॉट. चार चॅनलचे झाले ७० ते ८० वॉट. आतला अँप्लिफायर जेवढं खातो त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास आवाजात जातं, बाकी उष्णतेत, म्हणून मागचा भाग हात लावला की गरम लागतो. म्हणजे फुल आवाजात सगळा मिळून १२०-१३० वॉट, म्हणजेच ९ ते १० अँपिअर. घरात आपण एवढा वाजवत नाही, रोजच्या आवाजाला २-३ अँपिअरमध्ये भागतं, पण ठेक्याला जो झटका लागतो त्यासाठी हाताशी जागा पाहिजे. नुसत्या टेपला १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय घ्या, जमलं तर १२ चा किंवा १५ चा. ५ अँपिअरवर दोनच स्पीकर हळू आवाजात चालतात, पण आज ना उद्या आवाज वाढवावा वाटणारच, आणि मग दुसऱ्यांदा पैसे जातात.

आता सप्लाय कोणता. सरळ सांगतो, नवीन माणसानं एसएमपीएस घ्यावा, तो जाळीदार पत्र्याचा चांदीसारखा डबा, एलईडी पट्ट्यांना आणि सीसीटीव्हीला लावतात तो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात, परभणी, लातूर, नांदेड, बीड, कुठंही मिळतो. मीन वेलसारख्या चांगल्या कंपनीचा घेतला तर जे अँपिअर लिहिलेत ते खरे मिळतात, त्यांचा एलआरएस १५० नावाचा १२ व्होल्टचा सप्लाय १२.५ अँपिअरचा आहे, टेपला अगदी मापाचा. बिननावाचा स्वस्त घेणार असाल तर लिहिलेल्यातले सत्तर टक्केच धरून चाला, १० लिहिले असतील तर ७ समजा.

डब्याच्या एका बाजूला स्क्रूची पट्टी असते. तिथं एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, मग अर्थिंगची खूण, मग व्ही वजा आणि व्ही अधिक, आणि कडेला स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा छोटा पिवळा किंवा पांढरा गोल, तो व्होल्टेज कमी-जास्त करायचा. तीन पिन टॉप आणि तीन तारांची वायर लावा, दोन तारांची नको. अर्थिंग जोडाच. हा पत्र्याचा डबा आहे, आत काही बिघडलं तर पत्र्यात करंट उतरतो आणि घरात लेकरंबाळं हात लावतात. फक्त पिन टॉपला तिसरी पिन असून भागत नाही, बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग येतंय का ते वायरमनकडून एकदा बघून घ्या, कारण आपल्याकडं जुन्या घरांत भोक असतं, मागं तार नसते.

आता एक गोष्ट जी दुसरीकडं कुणी सांगत नाही पण आपल्या भागात हमखास नडते. बऱ्याच एसएमपीएसच्या कडेला जाळीतून दिसणारा छोटा सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० असा. तो कायम २३० वर ठेवायचा. रात्री शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज १७०-१८० वर येतं, एसएमपीएस चालू-बंद व्हायला लागतो आणि मग कुणीतरी डोकं लावून स्विच ११५ वर सरकवतं, आणि तेवढ्यापुरतं चालतं पण. पण मोटारी बंद होऊन लाईट परत २३० वर आली की आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, धाडकन फुटतो. डीपीवर लोड कमी होईपर्यंत थांबा, किंवा बिनस्विचचा, १०० ते २४० व्होल्ट सगळं घेणारा एसएमपीएस शोधा, पण त्या स्विचला हात लावू नका. आणि डबा कधीच उघडायचा नाही, पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेलं राहू शकतं.

घरी जुना कॉम्प्युटर असेल तर त्याच्यातला सप्लाय फुकटात कामाला येतो. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा, १० च्या वर पाहिजेत. मोठ्या कपलरमधली, म्हणजे तारा एकत्र खोचलेल्या प्लास्टिकच्या प्लगमधली, हिरवी तार एकच असते, ती कोणत्याही काळ्या तारेला जोडली की सप्लाय चालू होतो. पिवळ्या तारा १२ व्होल्ट, काळ्या मायनस. इथं रंगांचा एक घोळ आहे तो लक्षात ठेवा. टेपची पिवळी कॉम्प्युटरच्या पिवळीला, काळी काळीला, हे बरोबर जुळतं, मग माणूस लाल पण लालला जोडून टाकतो. कॉम्प्युटरची लाल तार ५ व्होल्टची आहे! टेपच्या लाल तारेला १२ पाहिजेत, म्हणून टेपची पिवळी आणि लाल दोन्ही सप्लायच्या पिवळीलाच. शिवाय काही जुन्या सप्लायचं १२ व्होल्ट, लालवर काहीच लोड नसेल तर नीट राहत नाही, तिथं लाल आणि काळ्याच्या मध्ये ५ ओहम १० वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर लावतात. तो तापतो, प्लास्टिकपासून लांब ठेवा.

बॅटरी चार्जरवर टेप लावू नका. हे मी ठासून सांगतोय कारण कॉलेजला असताना मी हेच केलं होतं. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा जुना जड चार्जर होता, त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं होतं, मी थेट टेप जोडला, मधी बॅटरी नाही काही नाही. आधी घूंऽऽ असा आवाज आला आणि थोड्या वेळानं जळका वास. नंतर मीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, लावून बघितलं तर चार्जर मोकळा १७ व्होल्टच्या वर दाखवत होता, आणि ते पण सरळ डीसी नव्हतं, लाटालाटांचं होतं. टेपच्या आतली अँप्लिफायरची आयसी साधारण १८ व्होल्टपर्यंतच चालायला बनवलेली असते, बाकीचे भाग त्याच्याही आधी मान टाकतात. तो टेप वडिलांनी हौसेनं घेतलेला होता, मला अजून वाईट वाटतं. ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड जोडून केलेल्या घरगुती सप्लायचं पण तेच, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर डायोड-कपॅसिटरनंतर मोकळा १५-१६ व्होल्ट देतो, लाईट वाढली की आणखी वर जातो. रेग्युलेटर बनवता येत असेल त्यांनी करावं, नवख्यानं नाही.

लाईट नसताना पण वाजवायचं असेल तर फवारणीच्या पंपाची बॅटरी घरोघरी आहे. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची असते, टेप हळू आवाजात दीडेक अँपिअर खातो, म्हणजे नव्या बॅटरीवर चार-साडेचार तास आरामात निघतात. मीटरवर ११.५ च्या खाली आली की थांबवा, पार रिकामी केलेली बॅटरी परत पहिल्यासारखी होत नाही आणि सोयाबीनवर फवारणी ऐन भरात असताना पंप बंद पडला की घरात बोलणी बसतात ती वेगळी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीवर वेगळ्या तारा मारू नका, एसएमपीएसची पिनच इन्व्हर्टरच्या बोर्डात लावा, थोडी वीज वाया जाते पण चार्जिंगच्या वेळचं वाढलेलं व्होल्टेज टेपवर येत नाही. सोलर पॅनलला टेप थेट तर अजिबात नको, १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनल उन्हात मोकळं २१-२२ व्होल्ट देतं. मधी चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी पाहिजेच.

कोणतीही बॅटरी वापरा, प्लसच्या टोकापासून एक वीत अंतराच्या आत फ्यूज लावा. एसएमपीएस शॉर्ट झाला की स्वतः बंद होतो, बॅटरी तसं करत नाही, ती तार लाल होऊन घर पेटेपर्यंत करंट देत राहते.

आता जोडणी. टेपच्या मागच्या तारांचे रंग सोनी, पायोनियर, केनवुड, जेव्हीसी अशा बाहेरून बसवलेल्या टेपमध्ये जवळपास एकच असतात. पिवळी म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, घड्याळ आणि स्टेशनची आठवण हिच्यावर राहते. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट. काळी मायनस. निळी ॲन्टेनाची, निळी-पांढरी बाहेरच्या अँप्लिफायरला जागं करायची. नारंगी लाईट मंद करायची, ती सोडून द्या. स्पीकरच्या जोड्या अशा, पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि प्रत्येकीची काळ्या रेषेची जोडीदार म्हणजे तिची मायनस. पण कपलरच्या गाडीकडच्या बाजूच्या तारांवर हे रंग धरून चालू नका, तिथं गाडीच्या कंपनीचे स्वतःचे रंग असतात. टेपवर डायग्रामचं स्टिकर असेल तर तेच खरं माना. दोन चौकोनी तुकड्यांचं आयएसओ कपलर असेल तर सप्लायच्या तुकड्यात ४ नंबर पिवळी, ७ नंबर लाल, ८ नंबर काळी. काही गाड्यांत ४ आणि ७ अदलाबदल असतात, पण आपण दोन्ही एकत्रच जोडणार असल्यानं आपल्याला फरक पडत नाही.

गाडीसोबतच कंपनीकडून बसून आलेला टेप असेल तर काढायच्या आधीच दोन गोष्टी विचारून घ्या. एक, त्याला कोड आहे का, कारण बॅटरी तुटली की काही टेप कोड मागतात आणि कोड गाडीच्या कागदपत्रांत असतो. दुसरं, तो चालू व्हायला गाडीच्या कॉम्प्युटरचा सिग्नल लागतो का. नव्या गाड्यांचे बरेच टेप त्या सिग्नलशिवाय उठतच नाहीत, १२ व्होल्ट बरोबर देऊन पण डिस्प्ले काळाच राहतो, आणि माणूस बिचारा सप्लाय बदलत बसतो.

तार २.५ चौरस मिलिमीटरची मऊ, बारीक तारांची घ्या, आणि लांबी कमी ठेवा. १.५ ची तार दोन मीटर नेली तर जाऊन-येऊन चार मीटर होते आणि १० अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट तारेतच जातो. सप्लाय टेपच्या शेजारी ठेवून लांब जायचं ते २३० च्या वायरनं जा. आणि घरच्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची असते, टेपमध्ये काळी मायनसची, दोन्ही काळ्या टेबलावर शेजारी पडल्या की घात होतो. मी २३० च्या बाजूला वेगळ्याच रंगाची टेपपट्टी गुंडाळतो, तुम्ही पण करा.

पिन बोर्डात लावायच्या आधी एसएमपीएसच्या १२ च्या बाजूला काहीच जोडू नका. मोकळा चालू करा, मीटर डीसी २० वर ठेवा, लाल टोक अधिकला, काळं वजाला. १२ च्या आसपास दिसलं आणि आकड्याआधी वजाचं चिन्ह नाही म्हणजे बाजू बरोबर. मग तो छोटा गोल हळूहळू फिरवून १३.५ ते १३.८ पर्यंत न्या, त्याच्या पुढं नको. हे शोभेसाठी नाही करायचं. १२ व्होल्टवर एका चॅनलमधून स्वच्छ असे साडेबारा वॉट निघतात, १३.८ वर १७ च्या आसपास. गाडी चालू असताना टेपला जवळपास एवढंच मिळतं, आणि "गाडीत जसा वाजायचा तसा घरात वाजत नाही" ही तक्रार निम्मी इथंच मिटते.

आता पहिल्यांदा टेप जोडताना एक बल्ब आणून ठेवा. मोटारसायकलच्या स्पेअरच्या दुकानात १२ व्होल्ट २१ वॉटचा ब्रेक लाईटचा किंवा इंडिकेटरचा बल्ब मिळतो, होल्डरसकट घ्या. पिन काढा. टेपची काळी तार व्ही वजाला घट्ट. टेपची पिवळी आणि लाल एकत्र पिळा, त्यांना बल्बची एक तार, बल्बची दुसरी तार व्ही अधिकला. म्हणजे टेपला जाणारा सगळा करंट बल्बमधून जाणार. आता पिन लावा आणि बल्बकडं बघा. क्षणभर लुकलुकला आणि विझला, म्हणजे सगळं ठीक आहे. टेपचं बटण दाबा, डिस्प्ले लागेल आणि बल्बची तार अंधुक लालसर दिसेल, गाणं वाढवलं की ठेक्यासोबत ती थोडी उजळते. पण लावल्या लावल्या बल्ब पूर्ण भगभगीत पेटून तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे किंवा तारा उलट्या झाल्यात, लगेच पिन काढा. बल्बनं करंट दीड-पावणेदोन अँपिअरवर अडवून धरलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा टेप वाचतो. मामाला मी फोनवर हाच बल्ब लावायला सांगितला, नवा एसएमपीएस आणल्यावर, आणि त्यांची पिवळीची एक बारीक तार सुटून टेपच्या पत्र्याला टेकलेली होती ती तिथंच सापडली. अँड्रॉइड स्क्रीन मात्र चालू होतानाच जास्त खाते, ती बल्बवर परत परत रिस्टार्ट होईल, तिच्यासाठी बल्ब फक्त शॉर्ट बघायला वापरा.

सगळं ठीक निघालं की बल्ब काढून त्याच्या जागी फ्यूज होल्डर घाला, टेपच्या मागं आहे तेवढ्याच आकड्याचा फ्यूज, जास्त नाही. जोड नुसते पिळून टेपपट्टी मारू नका, थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण) दाबा किंवा सोल्डर करा, सैल जोड १० अँपिअरला तापतो. पिवळी-लाल एकत्र ठेवून बोर्डाच्या बटणानं बंद केलं तर घड्याळ रोज पुसतं. ते नको असेल तर लाल तारेत छोटा स्विच टाका, पिवळी थेट ठेवा. मग एसएमपीएस चोवीस तास चालू राहणार, म्हणून वळवाच्या पावसात वीज कडकडायला लागली की पिन काढायची सवय पाहिजे. मी स्वतः घड्याळ सोडून दिलंय, बटणच बंद करतो.

स्पीकरचा एक नियम कधीच मोडू नका. टेपच्या स्पीकरच्या मायनस तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत, टेपच्या काळ्या तारेला, पत्र्याला, कशालाच नाही. दिसायला त्या मायनस असल्या तरी त्यांच्यावर पण आवाजाचा करंट असतो, प्रत्येक चॅनलच्या दोन्ही तारा कामाच्या. जुन्या घरगुती अँप्लिफायरमध्ये सगळ्यांना एकच मायनस चालायचा, त्या सवयीनं किती टेप गेलेत याचा हिशोब नाही. दोनच स्पीकर असतील तर हिरव्या-जांभळ्या तारांची टोकं वेगवेगळी टेपपट्टीनं बंद करा. स्पीकर ४ ओहमचा किंवा ८ चा चालतो, ८ ला आवाज थोडा कमी मिळतो. एका चॅनलला ४ चे दोन समांतर लावले की २ ओहम होतात, टेपला ते झेपत नाही.

आणि स्पीकर मोकळा ठेवून वाजवू नका. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते आणि बेस गायब होतो. लहानपणी आमच्या गल्लीत माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवून वाजवायचे, बेस खरंच वाढायचा, कारण मागची हवा माठात कोंडली जायची. आजही सहा इंची स्पीकरला जुना माठ वाईट नाही. पण ६ बाय ९ चा लंबगोल स्पीकर असेल तर सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा १५ ते २० लिटरचा बंद खोका करून घ्या, फटी फेविकॉलनं बुजवा, आत जुन्या गादीतला पिंजलेला कापूस सैल भरा. गाडीच्या दारापेक्षा चांगला आवाज येतो.

बाहेरचा अँप्लिफायर आणि सबवूफर लावायचा असेल तर सप्लायचा हिशोब पार बदलतो. चार चॅनलला ५० वॉट आरएमएस म्हणजे २०० वॉट, जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर निम्म्याच्या थोडं वर आवाजात घालतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर २५-२६ अँपिअर. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा नव्या पद्धतीचा असेल तर १८ च्या आसपास. ३५० वॉटचा, २९ अँपिअरचा एसएमपीएस लागतो आणि ६ चौरस मिलिमीटरची तार, मीटरभराच्या आत. अँप्लिफायरच्या आरईएम टर्मिनलला टेपची निळी-पांढरी जोडा, नुसती निळी नाही, कारण बऱ्याच टेपमध्ये निळी फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत असते आणि यूएसबीवर गेलं की अँप्लिफायर झोपतो. चालू करताना एसएमपीएस टिक-टिक करत सुरूच होत नसेल तर अँप्लिफायरचे कपॅसिटर एकदम करंट ओढायलेत, आधी एसएमपीएस, मग टेप, असं चालू करून बघा. गाडीत लावतात तो १ फॅरडचा मोठा कपॅसिटर एसएमपीएसवर लावू नका, तो शॉर्ट समजून बंद पडतो.

जागा उघडी द्या. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४२-४३ अंश असतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि एसएमपीएस गरम झाला की दिलेले अँपिअर देत नाही. गादीवर, कपड्यांत, बंद कपाटात नको. जाळीतून पाल आत जाऊन शॉर्ट होण्याचा प्रकार आपल्याकडं नवीन नाही, डब्याभोवती नायलॉनची मच्छरजाळी सैल गुंडाळा, हवा जाते आणि पाल जात नाही. लोखंडी जाळी नको. पहिल्या दिवशी तासभर मोठ्यानं वाजवा, मग पिन काढून सगळ्या तारा आणि जोड हातानं चाचपा. जो जोड कोमटाच्या वर लागला तो उकलून परत करा.

घूं आवाज येत असेल तर आधी मोबाईलचा चार्जर काढून बघा. ऑक्सच्या वायरनं मोबाईल जोडलेला आणि तोच मोबाईल चार्जिंगला, यात बहुतेक घूं असतो. ब्लूटूथवर किंवा पेन ड्राइव्हवर गेला तर बाकीचं सगळं ठीक आहे.

राहिला रेडिओ. ॲन्टेनाच्या भोकात बसेल असा गाडीच्या ॲन्टेनाचा जुना प्लग आणा, मधल्या पिनला ७५ सेंटिमीटरची साधी तार जोडून खिडकीत उभी बांधा, एफएमला तेवढीच लांबी बरोबर पडते. आकाशवाणी परभणी मात्र मिडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला आहे आणि तिथं दोन गोष्टी आड येतात. एसएमपीएसची खरखर मिडियम वेव्हवरच जास्त येते, म्हणून ॲन्टेनाची तार सप्लायपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या, आणि परभणीच ऐकायचं असेल तर तेवढ्या वेळापुरता टेप फवारणीच्या बॅटरीवर घ्या, खरखर एकदम थांबते. दुसरं म्हणजे काही टेप अमेरिकेच्या सेटिंगवर असतात, ते १३०० वरून सरळ १३१० वर उडी मारतात, १३०५ लागतच नाही. मेनूत एरिया किंवा ट्यूनर स्टेप शोधा आणि १० किलोहर्ट्झचं ९ करा. मामाचा टेप पण तसाच होता, सेटिंग बदलल्यावर पहिल्याच फेरीत १३०५ वर थांबला.